भंगारातले शिसे आणि फ्लक्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परभणी जिल्ह्यात पूर्णेवर येलदरीचे धरण आहे, गंगाखेडला गोदावरी आहे. पाणी आले की मासेमारी आली, आणि फेकजाळे बुडायचे तर त्याच्या काठाला शिसे हवेच. ते मिळते भंगारातून : जुने पाइप, केबलचे आवरण, गाडीच्या चाकांची बॅलन्सिंगची वजने. भंगार वितळवले की रसावर मळी येते. ती वेगळी व्हावी म्हणून जो पदार्थ टाकतात, तो फ्लक्स. तो निवडताना ऐकीव माहितीवरच भर असतो.

गैरसमज : सोनाराचा टाकणखार शिशालाही उत्तम.
वस्तुस्थिती : शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. पाणी उडून गेलेला टाकणखार वितळायला सुमारे 740 अंश लागतात. सोन्याच्या मुशीत तेवढी उष्णता असते, शिशाच्या कढईत नसते. शिवाय साध्या टाकणखारात वजनाने जवळपास निम्मे पाणीच असते. गरम रसावर तो फसफसतो.

गैरसमज : कल्हईला नवसागर चालतो, मग इथेही चालेल.
वस्तुस्थिती : कल्हईत नवसागर तांब्या-पितळेचा पृष्ठभाग साफ करतो, म्हणून कथील धरते. शिशाच्या रसावर तो काम करतो, पण त्याचा झोंबणारा धूर नाकाडोळ्यांत जातो आणि लोखंडी कढई, पळी गंजते. एवढा त्रास सोसण्याची गरज नाही.

गैरसमज : वर आलेला राखाडी थर म्हणजे घाण, झाऱ्याने काढून टाकावा.
वस्तुस्थिती : त्यात मातीबरोबर शिशाचे ऑक्साइड आणि अडकलेले शिसेही असते. भंगारात डाग देण्याचे सोल्डर असेल, तर महागडे कथील आधी त्या थरात जाते. कोरडा लाकडी भुसा, मेण किंवा राळ टाकून रस ढवळला की त्यातला कार्बन ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, धातू पुन्हा रसात उतरतो आणि वर भुकटी उरते. ती मग काढावी. या कामाला भुसा पुरेसा आहे. मेण भडकते, हे मात्र लक्षात ठेवावे.

गैरसमज : चांगला फ्लक्स जस्त, अँटिमनीसुद्धा काढून टाकतो.
वस्तुस्थिती : रसात विरघळलेला धातू भुशाने किंवा मेणाने निघत नाही. कारखान्यात तांबे गंधकाने आणि अँटिमनी कॉस्टिक सोड्याने काढतात, पण ती स्वतंत्र प्रक्रिया असते, धूर ओढून घेणाऱ्या यंत्रणेखाली चालते. घरगुती उपाय एकच, आधी निवड करणे. जस्त 419 अंशांना वितळते. रस 400 च्या आत ठेवला, तर जस्ताची वजने वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात.

गैरसमज : जास्त तापवले की लवकर स्वच्छ होते.
वस्तुस्थिती : जास्त तापवले की मळी वाढते आणि विषारी धूरही. 350 ते 400 अंश बस्स. तापमापक स्वस्त असतो, अंदाज महाग पडतो.

गैरसमज : भंगार थोडे ओले असले तरी चालते.
वस्तुस्थिती : पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे 1,600 पट होते. ओला तुकडा रसाखाली गेला, तर रस तोंडावर उडतो. भुसाही कोरडाच हवा.

गैरसमज : इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या प्लेटाही फ्लक्स टाकून वितळवता येतात.
वस्तुस्थिती : प्लेटांवरचा लेप बहुतांशी शिशाचे सल्फेट आणि ऑक्साइड असतो. कढईच्या आचेवर तो वितळत नाही, त्याला कोळसा आणि सोड्यासह सुमारे 1,000 अंशांची भट्टी लागते. प्लेटांतल्या अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियममुळे उरलेल्या मळीला पाणी लागले, तर अत्यंत विषारी वायू निघू शकतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार हे काम नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांचे आहे. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी, नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

कोणताही फ्लक्स शिशाचे विष कमी करत नाही. धुरापेक्षाही मळीची भुकटी दगा देते : ती हाताला, कपड्यांना लागून घरात पोचते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक होते, त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी भारतातील. तेव्हा काम उघड्यावर, मुलांपासून लांब करावे. कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. मळी डब्यात बंद ठेवावी, शेतात किंवा नदीत टाकू नये. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत.