गुडघ्याखालचा पहिलवान

सावंतवाडीच्या मोती तलावाभोवती सायकलची एक फेरी मारून या बघू. आलात? आता सांगा, पेडल मारताना गुडघा काय करत होता? नुसता वर-खाली, वर-खाली. आणि पेडल? ते गोल गोल. मग वर-खालीचं गोल गोल केलं कुणी? तुमच्या नडगीने!

मोटारसायकलच्या इंजिनातही अशीच एक नडगी असते. तिचं नाव कनेक्टिंग रॉड. वरच्या टोकाला वर-खाली पळणारा पिस्टन, खालच्या टोकाला गोल फिरणारा क्रँकशाफ्ट, आणि मधे हा वीतभरही नसलेला दांडा.

एवढ्याशा दांड्याला ताकद ती किती लागणार? हिशेब करू. समजा पिस्टन चिकूएवढ्या वजनाचा, 100 ग्रॅमचा. त्याची धाव 6 सेंटीमीटर. इंजिनाचे फेरे मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला 100! दर फेऱ्यात पिस्टन वर जाऊन थबकतो आणि उलटा वळतो. तेव्हा त्याला खाली खेचताना दांड्याला जवळजवळ 150 किलोची ओढ सोसावी लागते. जणू तुमच्यासारखी पाच पोरं त्याला लोंबकळताहेत! शर्यतीसाठी फेरे दुप्पट केले, तर ओढ चौपट होते. पाचाची झाली वीस पोरं! म्हणून असं इंजिन तयार करताना मूळचा दांडा काढून जास्त दणकट दांडा बसवतात.

“मग चांगला जाडजूडच बसवायचा की!”

थांबा, थांबा. जाड म्हणजे जड. दांड्यालाही वर-खाली पळायचं असतं, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या वजनाची ओढ त्यालाच सोसावी लागते. मग युक्ती काय? दप्तरातली प्लास्टिकची पट्टी काढा. सपाट धरून वाकवा: लगेच वाकते. आता कडेवर उभी धरून वाकवा: हटतच नाही! पट्टी तीच, ताकद वेगळी. म्हणूनच दांडा मधोमध कापला, तर इंग्रजी ‘आय’ किंवा ‘एच’ अक्षरासारखा दिसतो. जिथे कमी धातूत भागतं, तिथे तो कमी केलेला.

दुसरी युक्ती सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत कळेल. लाकडी खेळण्याची बारीक दांडी नीट बघा. लाकडातल्या रेषा लांबीच्या दिशेने गेल्या असतील, तर दांडी चिवट. आडव्या गेल्या, तर कट्कन मोडते. गंमत म्हणजे पोलादातही अशा रेषा असतात! पोलाद वितळवून साच्यात ओतलं, की त्या रेषा दांड्याच्या लांबीने धावत नाहीत. पण सुमारे 1200 अंश सेल्सिअसला तापवून साच्यात दाबून-ठोकून घडवलं, की रेषा दांड्याच्या आकाराबरोबर वळतात. याला म्हणतात फोर्जिंग. पुण्याच्या मुंढव्यातली, 1961 साली स्थापन झालेली भारत फोर्ज कंपनी याच कामासाठी जगभर ओळखली जाते.

आता लावू कुस्ती! एकाच मापाचे तीन तुकडे घ्या. पोलादाचा 100 ग्रॅम भरला, तर टायटॅनियमचा साधारण 57 आणि ॲल्युमिनियमचा 35. ॲल्युमिनियम सगळ्यांत हलकं, पण सारखे हिसके बसून लवकर थकतं. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच. म्हणून ते छोट्या, सुसाट शर्यतींपुरतं बरं, आणि दांडे वरचेवर बदलायचे. टायटॅनियम हलकं आणि दणकट, पण खिसा रिकामा करणारं. वर्षानुवर्षं पळायचं असेल, तर घडीव पोलादाचा पहिलवान बरा. त्यात निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलं, की तो आणखी चिवट होतो.

पण या पहिलवानाचाही जीव असतो बोल्टमध्ये. मोटारीच्या दांड्याचं खालचं टोक दोन भागांचं असतं आणि बोल्ट ते धरून ठेवतात. एक जरी तुटला, तर दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येऊ शकतो! म्हणून हे बोल्ट अंदाजाने नाही, तर मोजून आवळतात.

तुमच्या गुडघ्याला बोल्ट नाहीत, हे किती बरं! पण सायकलचं पेडल घट्ट आहे ना? तलावाची दुसरी फेरी मारण्याआधी एकदा बघून घ्या.