नवा साप आणताय? आधी ९० दिवस वेगळा ठेवा

घरात आधीपासून बॉल पायथन असतील आणि आणखी एक आणायचा असेल, तर नव्याची पेटी जुन्यांच्या शेजारी मांडण्याची घाई करू नका. वरून तुकतुकीत दिसणारा सापही आजार घेऊन आलेला असू शकतो. सापांच्या काही आजारांवर खात्रीचा उपचार नाही. त्यामुळे एका नव्या पाहुण्यापायी वर्षानुवर्षे जपलेले साप गमवावे लागू शकतात.

आधी कायदा पाहा

नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला असला, तरी त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदपत्रे नसतील, तर साप घेऊच नका.

वेगळी खोली, वेगळे सामान

नव्या सापाला किमान ९० दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा. पेटीत पांढरा टिश्यू पेपर अंथरा, म्हणजे विष्ठा आणि किडे लगेच दिसतील. चिमटा, पाण्याचे भांडे वेगळे ठेवा. रोज आधी जुन्या सापांचे काम उरका, मग नव्याकडे जा आणि साबणाने हात धुवा. त्याने न खाल्लेला उंदीर दुसऱ्या सापाला देऊ नका.

पहिला आठवडाभर त्याला हाताळू नका. नंतर खाणे आणि वजन वहीत लिहीत जा.

ही लक्षणे ओळखा

* साप तासन्‌तास पाण्यात बसतो, पाण्यात काळे ठिपके दिसतात: माइट म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे असू शकतात. ते एका पेटीतून दुसरीत जातात.
* तोंड उघडे, शिट्टीसारखा श्वास, चिकट लाळ: श्वसनाचा संसर्ग असू शकतो.
* खाल्लेले वारंवार ओकतो, पोटाच्या मधोमध सूज: क्रिप्टोस्पोरिडियमची शक्यता असते. नेहमीच्या जंतुनाशकांनी तो सहजी मरत नाही.
* मान वर वळते, उलटा केल्यास सरळ होता येत नाही: मेंदूचा आजार असू शकतो.

यातले काहीही दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. विष्ठेची तपासणी एकदा करून थांबू नका, कारण परजीवी प्रत्येक वेळी सापडतातच असे नाही. आजार निघाला, तर बरा झाल्यावर ९० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

सापांकडून माणसालाही साल्मोनेलाचा संसर्ग होतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना साप हाताळू देऊ नका.

मुदत संपल्यावर नवा साप जुन्यांच्या खोलीत आणा, पण पेटी मात्र स्वतंत्रच हवी. बॉल पायथनला सोबतीची गरज नसते.