चेहऱ्याचं ग्लिसरीन, पोटातलं ग्लिसरीन

भोपाळ : थंडी पडली की भोपाळपासून नागपूरपर्यंत घराघरात ग्लिसरीन-गुलाबजलाची बाटली बाहेर निघते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणून कातडी मऊ राहते. पण हवा फार कोरडी असताना ते नुसतंच चोळलं, तर कातडीच्या आतलंच पाणी ओढतं. त्यामुळे गुलाबजल मिसळायची जुनी पद्धत अगदी बरोबर. आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावलं तर आणखी चांगलं.

त्याचाच भाऊबंद प्रोपिलीन ग्लायकॉल. लोशनच्या बाटलीमागे बारीक अक्षरात हे नाव सापडतं. काहींना आग होते, बहुतेकांना काही होत नाही. औषध विरघळावं म्हणून तेच खोकल्याच्या सिरपमध्येही घालतात. खरी भीती तिथं आहे.

डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन दिसायला तसंच : पारदर्शक, दाटसर, चवीला गोड. वर स्वस्त. भावातल्या या फरकापायी भेसळ होते किंवा पिंपाची तपासणीच टाळली जाते. पोटात गेलं की ते किडनी बंद पाडतं.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असंच भेसळीचं ग्लिसरीन औषध म्हणून दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतचा कारभार उघडा पाडला. तरी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, 'कोल्ड्रिफ' सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली बरीच उपचारासाठी नागपूरला आणली होती. तामिळनाडूत झालेल्या तपासणीत त्या सिरपमध्ये हे रसायन ४८.६ टक्के निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का! ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेश सरकारनं विक्रीवर बंदी घातली, तोवर उशीर झाला होता.

तोंड आलं, घसा धरला की चेहऱ्याच्याच बाटलीतलं ग्लिसरीन बोटानं आत लावायची सवय आपल्याकडे आहे. ती सोडावी. पोटात जाणारं ग्लिसरीन औषधाच्या दुकानातूनच, सीलबंद, 'आयपी' म्हणजे भारतीय औषधसंहितेचा दर्जा छापलेलंच घ्यावं, सुटं नको. अर्थात छापील अक्षरांमागे तपासणी झालेली असते असं धरून आपण चालतो. ती करणं कारखान्याचं आणि सरकारचं काम.

चार वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं देऊ नयेत, असा केंद्राचा इशारा आहेच. सिरप दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका. लगेच दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या.