गर्दीला कळू न देता

मोठ्या इस्पितळात किंवा मॉलमध्ये शिरलं की फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका भरकटतो. उपग्रहांकडून येणारे जीपीएसचे संदेश मुळातच क्षीण. छपराखाली ते जेमतेम पोचतात. मग इमारतीच्या आत माणूस नेमका कुठे आहे हे ओळखायचं कशावरून? परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली उत्तर दिलं: आत जे वायरलेस नेटवर्क आहे, त्यावरून. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘रडार’.

पद्मनाभन दिल्ली आयआयटीचे. बर्कलीला पीएचडी करून ते अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात गेले आणि २००७ मध्ये बंगळुरूच्या प्रयोगशाळेत आले. २०१६ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचं काम सलग पाहिलं की त्यातला एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो: लोकांना कामाला जुंपायचं नाही, कष्ट यंत्राने उपसायचे.

‘रडार’मध्ये ते कष्ट अजून माणसाच्याच माथी होते. मजल्यावर वायरलेसची तीन केंद्रं बसवलेली. लॅपटॉप घेऊन ७० जागी उभं राहायचं आणि प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून सिग्नलची ताकद नोंदवायची. चार दिशा अशासाठी, की आपलं शरीरच लहरी अडवतं. पाठ फिरवली की आकडे बदलतात. या नोंदींशी ताडून पाहिलं की माणसाची जागा साधारण दोन-तीन मीटरच्या फरकाने सापडायची. पण प्रत्येक इमारतीत हे करणार कोण? आणि केंद्राची जागा बदलली की पुन्हा श्रीगणेशा.

बारा वर्षांनी, २०१२ मध्ये, अंशुल राय, कृष्णकांत चिंतलपुडी, पद्मनाभन आणि रिजुरेखा सेन यांनी ‘झी’ ही पद्धत मांडली. तिला मजल्याचा नकाशा तेवढा लागतो. फोन खिशात असला तरी चालताना बसणाऱ्या हिसक्यांवरून तो पावलं मोजतो आणि होकायंत्राच्या मदतीने दिशा टिपतो. सुरुवातीला माणूस मजल्यावर कुठेही असू शकतो. म्हणून संगणक जागोजागी शक्यता मांडतो आणि प्रत्येकीला त्या पावलांबरोबर चालवतो. जी भिंतीतून आरपार जाऊ पाहते, ती बाद. माणूस कॉरिडॉर संपवून डावीकडे वळला, थोडं चालून उजवीकडे वळला, की अशी वळणं नकाशात फार थोड्या वाटांवर बसतात. शेवटी एकच वाट उरते. मग मागची पावलंही नकाशावर बसवता येतात आणि वाटेत टिपलेल्या वायफायच्या प्रत्येक नोंदीला तिची जागा मिळते. सर्वेक्षण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी होतं, त्यांना कुणी काही करायला न सांगता. सिग्नलच्या आड येणारी भिंतच इथे वाट दाखवते.

हाच विचार त्याआधी, २००८ मध्ये, रस्त्यावर उतरला होता. प्रशांत मोहन, पद्मनाभन आणि रामचंद्रन रामजी यांचा ‘नेरिसेल’ हा प्रकल्प बंगळुरूच्या वाहतुकीतून उभा राहिला. प्रवाशाच्या फोननेच खड्डे, करकचून मारलेले ब्रेक आणि हॉर्न ओळखायचे. पण फोन खिशात आडवातिडवा पडलेला. ‘वर’ कुठे आणि ‘पुढे’ कुठे हे त्याला कसं कळावं? उभी दिशा गुरुत्वाकर्षणाने दिली, पुढची दिशा ब्रेकच्या हिसक्याने. वेगातली गाडी खड्ड्यात आपटली की धक्क्याचं टोक उंच जातं. हळू गाडीत ते जात नाही, तिथे चाक खाली उतरतानाची घसरण थोडा वेळ टिकते. म्हणून वेगानुसार कसोट्याही दोन. शिस्तीच्या लेन गृहीत धरलेल्या परदेशी यंत्रणा इथे आणून बसवण्यापेक्षा इथला गोंधळच मोजायला घेणं मला कितीतरी अधिक शहाणपणाचं वाटतं.

मात्र गर्दीला काही करावं लागत नाही, याचाच अर्थ तिला काही कळतही नाही. कोण कुठून कुठे गेलं याची माग लागणारी नोंद खिशातून परस्पर जात असेल, तर विचारून संमती घेणं हा त्या यंत्रणेच्या रचनेचाच भाग असायला हवा. मागाहून जोडलेली अट म्हणून ते पुरत नाही. पद्मनाभन यांच्याच पुढच्या ‘हॅम्स’ प्रकल्पात हा प्रश्न तितका टोचत नाही. डेहराडूनच्या आरटीओत २०१९ पासून ड्रायव्हिंग टेस्ट तपासण्यासाठी गाडीच्या काचेवर लावलेला फोन परीक्षा देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो.

मुंबईत आयआयटीच्या भास्करन रामन यांच्या गटाने वेगळी वाट धरली. ‘झी’मधल्या रिजुरेखा सेन तेव्हा त्याच गटात होत्या. २०१० मध्ये या गटाने रस्त्याकडेला थोड्या अंतरावर दोन ध्वनिमुद्रक ठेवले. दोहोंच्या मधल्या गाडीने हॉर्न दिला की ती ज्याच्याकडे येत असते त्याला तो चढा ऐकू येतो, ज्याच्यापासून दूर जाते त्याला उतरलेला. या फरकातून वेग निघतो. २०१२ च्या कामात आवाजही नको: रस्त्याच्या एका बाजूला रेडिओचा प्रेषक, दुसऱ्या बाजूला ग्राहक. मध्ये गाड्या तुंबल्या की सिग्नल खाली जातो आणि खालीच राहतो. रांग लागली, एवढंच त्यातून कळतं. रांगेत कोण आहे ते नाही.

पण ही जोडी जिथे लावली त्याच रस्त्यावरचं सांगते. गल्लीबोळातले खड्डे शोधायचे तर फोनच हवेत. चौकातला सिग्नल रांगेप्रमाणे बदलायचा असेल, तर कडेची रेडिओची जोडी पुरेशी आहे आणि महापालिकांनी आधी तिचा विचार करावा.