विमाने थांबली, गोल्ड कार्डाचे काय?

२५ मार्च २०२० पासून दोन महिने रायपूरच्या माना विमानतळावरून एकही नियमित प्रवासी विमान सुटले नाही. जादा सामान, लाउंज देणारे गोल्ड कार्ड टिकवायला प्रवास हवा, आणि प्रवासच बंद! तेव्हा विस्तारासह अनेक कंपन्यांनी दर्जाची मुदत वाढवली. पण ती त्यांची मर्जी. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांच्या परताव्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. त्यात कार्डाचा विषय नव्हता. शिवाय दर्जा वाढला म्हणजे पॉइंटही वाढले, असे नव्हे. मुलांना सुट्टीत पुण्याला आजीकडे न्यायला साठवलेले पॉइंट गुपचूप संपू शकतात. विमाने रखडली की दोन्ही तारखा पाहा आणि मुदतवाढ जाहीर झाली नसेल, तर तारीख उलटण्याआधीच ईमेल करून मागा.