समुद्राच्या पोटांतील तांबें

आपल्या देवघरांतील समई पितळेची असते. पितळ म्हणजे तांबें व जस्त ह्यांचें मिश्रण, हें आपणांस ठाऊक आहेच. परंतु ह्या दोन धातूंची पहिली गांठ ओताऱ्याच्या मुशींत पडते असें मात्र नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ती कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशींच पडलेली असते. ती कशी पडली, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

उदाहरण जपानचें घेऊं. होन्शू बेटाच्या उत्तर भागांत अकिता नांवाचा प्रांत आहे. तेथील कोसाका व हानाओका येथें मोठ्या खाणी होत्या. त्यांतील खनिजाला जपानी लोक ‘कुरोको’, म्हणजे काळें खनिज, म्हणतात. सुमारे दीड कोटि वर्षांपूर्वीं हा प्रदेश समुद्राखालीं होता व त्या समुद्राच्या तळाशीं ज्वालामुखी जागे होते. ह्या साठ्यांत थरांचा क्रम ठरलेला आढळतो. वर काळा थर : त्यांत जस्त व शिसें ह्यांचीं गंधकाशीं झालेलीं संयुगें, ज्यांस सल्फाइडें म्हणतात तीं. त्याखालीं पिवळा थर : त्यांत तांबें व लोखंड ह्यांचीं सल्फाइडें. आणि सर्वांच्या खालीं गारेसारखा कठीण खडक, ज्याच्या भेगाभेगांत हींच पिवळीं खनिजें भरलेलीं. हा क्रम असाच कां?

समुद्राचें पाणी तळाच्या भेगांतून खालीं झिरपतें. दोनतीन किलोमीटर खालीं, शिलारसाच्या शेजारीं, तें ३५० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापतें आणि आम्लधर्मी होतें. अशा तप्त, खाऱ्या पाण्यांत खडकांतील धातु विरघळतात. पाण्यांतलें मीठच त्यांस धरून ठेवतें. खडकांत धातूचें प्रमाण अगदीं अल्प असतें खरें. परंतु हजारों वर्षें मोठमोठे खडक धुवून निघाले, म्हणजे त्या अल्पाचेंच बहु होतें. तापलेलें पाणी हलकें, म्हणून तें पुन्हां वर चढतें.

आतां खडीसाखर कशी होते तें आठवा. ऊन पाकांत जितकी साखर राहते तितकी थंड पाकांत राहत नाहीं. ती स्फटिकरूपानें खालीं बसते. येथेंही तसेंच घडतें. तांब्याला विरघळून राहावयास फार उष्णता लागते. पाणी ३०० अंशांच्या खालीं उतरलें कीं तें बाहेर पडूं लागतें. जस्त व शिसें त्याहून थंड पाण्यांतही टिकून राहतात. तळावर प्रथम जो ढीग सांचतो त्यांत जस्त व शिसें पुष्कळ असतें. मागाहून अधिक ऊन पाणी त्या ढिगांतून वर येतें, तेव्हां तें ढिगाच्या बुडाचें जस्त व शिसें पुन्हां विरघळवून वर नेतें आणि त्यांच्या जागीं तांबें ठेवून जातें. म्हणून वर काळें, खालीं पिवळें!

ह्यांत समुद्राच्या खोलीचाही मोठा हात असतो. आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्यें पाणी १२० अंशांपर्यंत तापतें, कारण आंत दाब असतो. समुद्राचें पाणी हेंही एक झांकणच. १०० मीटर खोलीच्या दाबाखालीं पाणी सुमारे १८५ अंशांवर उकळतें. १००० मीटर खोलीवर त्यास ३१० अंशांहून अधिक उष्णता लागते. उथळ समुद्रांत वर येणारें पाणी तळास पोंचण्यापूर्वींच उकळतें व निवतें. मग तांबें बहुतांशीं खालच्या भेगांतच अडकतें, आणि तळावर जस्त, शिसें, चांदी व क्वचित् सोनेंही सांचतें. खोल समुद्रांत झांकण जड, म्हणून तांबेंही तळापर्यंत येऊं शकतें. अकिताचा प्राचीन समुद्र किती खोल होता ह्यावर अभ्यासकांनीं जो वाद घातला, त्याचें मर्म हेंच.

हें सारें केवळ अनुमान नव्हे. १९७९ सालीं ‘अॅल्व्हिन’ नांवाच्या पाणबुडींतून शास्त्रज्ञ मेक्सिकोजवळ पॅसिफिक महासागरांत सुमारे २६०० मीटर खोल उतरले, तेव्हां तळावरील धुरांड्यांसारख्या उंचवट्यांतून काळा धूर निघतांना त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. तो धूर म्हणजे थंड पाण्याशीं गांठ पडतांच बाहेर पडलेले सल्फाइडांचे सूक्ष्म कण होते.

आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. मग त्यांत असे साठे कां नाहींत? सुमारे ६.६ कोटि वर्षांपूर्वींचा तो लाव्हा बहुतेक कोरड्या जमिनीवर पसरला. अग्नि होता, पण वर समुद्र नव्हता. दोघांचा संयोग झाल्यावांचून ही भट्टी पेटत नाहीं.

आज मनुष्याची दृष्टि प्रत्यक्ष समुद्रतळाकडे वळली आहे. भारतानें २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशीं करार करून हिंदी महासागरांतील अशा साठ्यांच्या शोधाचा हक्क मिळविला. जपाननें २०१७ सालीं ओकिनावाजवळ सुमारे १६०० मीटर खोलीवरून असें खनिज प्रयोगादाखल वर काढलें. परंतु जेथें ह्या भट्ट्या जिवंत आहेत, तेथें सूर्यप्रकाशावांचून जगणारी एक निराळी जीवसृष्टि त्यांच्या उबेस नांदत असते. ढीग उपसला कीं तिचें घरच गेलें. हा विचार खाणीच्या हिशेबांत धरावयास नको काय?

कोसाकाची खाण १९९० सालीं बंद झाली. परंतु ज्या गांवानें काळा दगड वितळविला, तेथील कारखान्यांत आतां टाकाऊ विद्युत्‌उपकरणांतून धातु परत मिळवितात. घरांतील फुटकी समई आपणही फेंकून देत नाहीं, मोडींत घालतों. समुद्रानें हजारों वर्षें खपून जें सांठविलें, त्याचा मान राखण्याची हीच जुनी व शहाणपणाची रीत होय.