खडी, वेग आणि दीडशे मायक्रॉनची फिल्म

मोटारीच्या पत्र्यावरील रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या ते दहाव्या हिश्शाएवढी असते, आणि मोटारीची किंमत दहापट झाली तरी ही जाडी दहापट होत नाही. किमतीबरोबर वाढतो तो वेग आणि बदलतो तो आकार. रंगावर होणारा आघात मात्र याच दोन गोष्टींवर ठरत असल्याने, जमिनीलगत झुकलेल्या नाकाच्या आणि रुंद चाकांच्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या मालकापुढे एक प्रश्न लवकरच उभा राहतो. व्यवहारात ‘पीपीएफ’ या नावाने ओळखली जाणारी पारदर्शक संरक्षक फिल्म संपूर्ण मोटारीवर लावावी, काही भागांवरच लावावी, की मुळीच लावू नये? या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या आग्रहावर किंवा शेजाऱ्याच्या अनुकरणावर सोडण्याचे कारण नाही, कारण रंगावर नेमके काय आदळते, किती वेगाने आदळते आणि फिल्म त्यांपैकी कशाला अडवू शकते हे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र पुरेशा स्पष्टपणे सांगू शकते.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न अलीकडच्या काळात अधिक ठळक झाला आहे. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑक्टोबर २०१० मध्ये सुमारे दीडशे मर्सिडीझ-बेंझ मोटारींची एकत्रित खरेदी झाली होती आणि जालना रस्त्यावरील शेंद्रा येथे श्कोडा व ऑडीच्या मोटारींची जुळणी होत आली आहे, त्यामुळे महागड्या मोटारी या भागाला अपरिचित नव्हत्या. परंतु त्यांना सलग वेगाने धावण्याजोगा रस्ता मिळाला तो समृद्धी महामार्गामुळे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा जालना जिल्ह्यातून जाणारा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला, आणि सपाट प्रदेशात त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मात्र त्याच मोटारीला महामार्ग सोडल्यानंतर अंबड, भोकरदन किंवा मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खडीने भरलेल्या डंपरच्या आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून वाट काढावी लागते.

रंग हा एकच थर नसतो. कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटसारखी रासायनिक प्रक्रिया होते, नंतर रंगाच्या टाकीत बुडवून विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, रंगहीन व चकाकणारा क्लिअर कोट असतो. क्लिअर कोटमध्ये सूर्याचे अतिनील किरण शोषणारी आणि त्या किरणांमुळे निर्माण होणारे क्रियाशील रेणू निष्प्रभ करणारी द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून पहिल्यांदा झिजतो तो हाच थर. रबिंग-पॉलिशने ओरखडे घालवताना प्रत्यक्षात क्लिअर कोटचा काही भाग खरवडून काढलेला असतो, आणि असे वारंवार केल्यास खालच्या रंगाचे छत्रच विरळ होत जाते.

या थरांवर आदळणारी खडी जालन्यात बहुधा बेसॉल्टची असते. दख्खनच्या पठाराचा हा काळा अग्निजन्य खडक मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांचा बनलेला असून, खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोहस मापनश्रेणीवर ही खनिजे ६ च्या आसपास येतात. कोणताही क्लिअर कोट त्यांच्यापुढे मऊच ठरतो. बेसॉल्टची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट असल्याने एक ग्रॅम वजनाचा खडा जेमतेम नऊ मिलिमीटर व्यासाचा भरतो. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने अशा खड्यावर आदळली तर आघाताची गतिज ऊर्जा सुमारे ०.१४ ज्यूल असते, परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग दुप्पट, म्हणजे १२० किलोमीटर होताच ती चौपट होऊन ०.५६ ज्यूलवर पोहोचते. संख्या लहान वाटली तरी ही ऊर्जा खड्याच्या एका टोकाखालील अत्यंत छोट्या क्षेत्रावर आणि सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात उतरते, क्लिअर कोट तेवढ्या वेळात वाकू शकत नाही, तो तडकतो, आणि पुष्कळदा प्रायमरसह त्याचा टवका उडून पत्रा उघडा पडतो.

येथे मोटारीचा आकार आणि रस्त्याचा प्रकार या दोन्हींचा विचार करावा लागतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा जमिनीला टेकलेल्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो, परंतु चाक वर फिरू लागताच त्याचा वेग वाढत जातो आणि सुटल्यावर तो मागील वाहनाच्या वाटेत फेकला जातो. स्पोर्ट्‌स मोटारीचे नाक खाली असल्याने बंपर आणि बॉनेटची पुढची कड नेमकी या खड्यांच्या उंचीवर येते, तर तिचे स्वतःचे रुंद टायर दरवाज्यांखालच्या पट्ट्यांवर आणि मागील फेंडरच्या फुगीर भागावर खडी उडवतात. समृद्धी महामार्गाचा पृष्ठभाग बहुतांशी सिमेंट काँक्रीटचा असल्याने त्यावर सुटी खडी तुलनेने कमी असते आणि येण्या-जाण्याच्या बाजूही वेगळ्या आहेत. याउलट दुपदरी रस्त्यावर मोटारीचा वेग कमी असला तरी समोरच्या वाहनाने मोटारीच्या दिशेने उडवलेल्या खड्याचा वेग त्यात मिळवला जातो, म्हणून ताशी ७० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीलाही ११० किलोमीटरचा आघात सोसावा लागू शकतो. यावरचा पहिला आणि विनामूल्य उपाय म्हणजे अंतर राखणे: ताशी १२० किलोमीटर वेगात तीन सेकंदांचे अंतर म्हणजे १०० मीटर होतात, आणि तेवढ्या अवधीत पुढच्या वाहनाने उडवलेले पुष्कळ खडे पुन्हा जमिनीवर आलेले असतात.

अंतर राखूनही जे खडे लागतात त्यांच्यासाठी फिल्म असते. तिचे मूळ पॉलियुरेथेन या बहुवारिकात, म्हणजे लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थात आहे. त्याचे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये विकसित केले आणि १९६० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, वाळू व खड्यांनी झिजणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने या पदार्थाची फिल्म पुरवली. तेथून ती शर्यतीच्या मोटारींच्या नाकावर आणि नंतर सामान्य मोटारींवर आली. आजच्या चांगल्या फिल्ममध्ये थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा, म्हणजे ‘टीपीयू’चा, साधारण १५० मायक्रॉनचा मुख्य थर, त्याखाली दाबाने चिकटणाऱ्या अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्याचा पातळ थर आणि वर अगदी पातळ संरक्षक लेप असतो, म्हणजे फिल्म एकटीच मूळ रंगाच्या सर्व थरांहून जाड असते. टीपीयूच्या साखळ्यांत कठीण आणि मऊ असे खंड आलटून पालटून येतात. कठीण खंड एकमेकांना धरून ठेवणाऱ्या गाठींचे काम करतात, तर मऊ खंड ताणले जाऊन पूर्ववत होतात. खडा आदळला की हा थर दबतो व ताणला जातो, आघात थोड्या अधिक क्षेत्रावर आणि थोड्या अधिक वेळेत विभागला जातो, ऊर्जेचा काही भाग उष्णतेत रूपांतरित होतो, आणि क्लिअर कोटवर पडणारा सर्वोच्च ताण तडकण्याच्या मर्यादेखाली राहण्याची शक्यता वाढते. टोकदार मोठा खडा ऐन वेगात आला तर फिल्मही फाटते, कारण तिच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहेच.

ओरखडे आपोआप भरून येण्याचा जो गुण जाहिरातींत सांगितला जातो तो खरा असला तरी त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वरच्या लेपातील साखळ्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे उथळ ओरखड्यात त्या तुटत नाहीत, फक्त दाबल्या जातात; ऊन किंवा गरम पाणी मिळताच त्यांची हालचाल वाढते व त्या मूळ जागी परततात. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जात असल्याने हे काम तेथे उन्हातच होऊन जाते. जेथे फिल्म कापली गेली किंवा तिचा टवका निघाला, तेथे मात्र कोणतीही उष्णता ती भरून काढत नाही.

रंगाचे इतर शत्रू वेगळ्या मार्गांनी काम करतात, आणि त्यांच्या बाबतीत फिल्मची गरज तितकी ठाम नाही. कोरड्या धुळीने माखलेली मोटार फडक्याने पुसली की धुळीतील कठीण खनिजकण क्लिअर कोटवर घासले जाऊन गोलाकार बारीक रेषा उमटतात; यावर भरपूर पाण्याने धूळ आधी वाहून जाऊ देणे हा पुरेसा उपाय आहे. जालना हे लोखंडी सळ्यांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र असून, जेथे लोखंड कापले व घासले जाते तेथे उडणारे सूक्ष्म लोहकण रंगात रुतून गंजतात आणि तांबूस ठिपके दिसू लागतात; फिल्म असली तर ते तिच्यात रुततात, नसली तर लोहकण विरघळवणाऱ्या रसायनाने वेळीच काढता येतात. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार वाळून पांढरे डाग पडतात, आणि ते फिल्मवरही पडतातच. पक्ष्यांच्या विष्ठेतील युरिक आम्ल आणि पावसाळी रात्री शेतशिवारातून जाताना चिरडलेल्या किड्यांचे अवशेष तापलेल्या, मऊ पडलेल्या क्लिअर कोटवर खूण सोडतात, म्हणून त्याच दिवशी धुणे महत्त्वाचे ठरते. फिल्मला पर्याय म्हणून सुचवला जाणारा सिरॅमिक लेप हा सिलिकावर आधारलेला, वाळल्यावर एक-दोन मायक्रॉन जाडीचा थर असतो. तो पाणी व घाण चिकटू देत नाही, मोटार धुणे सोपे करतो, परंतु एवढ्या जाडीने खडीचा आघात अडणे शक्य नाही. गंजाच्या बाबतीतही कोकणाशी तुलना करून पाहावी: रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या पडलेल्या पत्र्याला जो धोका असतो तो समुद्रापासून दूर असलेल्या, मध्यम पावसाच्या जालन्यात बराच सौम्य असतो, आणि जस्तलेपित किंवा ॲल्युमिनियमच्या पॅनेलमध्ये तो आणखी कमी होतो. म्हणून खडीचा आघात हे एकच कारण असे उरते, की ज्यासाठी फिल्मला खरोखर पर्याय नाही.

फिल्मचे स्वतःचे दोषही हिशेबात धरायला हवेत. स्वस्त फिल्म अनेकदा पीव्हीसीवर आधारलेली असते. तिला लवचिक ठेवणारी द्रव्ये उन्हात निघून जातात आणि ती कडक व पिवळी पडते. पॉलियुरेथेनमध्येही ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनची कडी असलेला प्रकार अतिनील किरण शोषून पिवळा होतो, तर अ‍ॅलिफॅटिक, म्हणजे अशी कडी नसलेला प्रकार दीर्घकाळ स्वच्छ राहतो. खरेदी करताना ‘टीपीयू’ एवढेच न विचारता ती अ‍ॅलिफॅटिक आहे का, हेही विचारावे. चांगल्या फिल्मची हमीही साधारण पाच ते दहा वर्षांची असते आणि आयुष्य संपल्यावर ती वेळेत काढली नाही तर तुकडे पडत निघते व चिकटद्रव्य रंगावर राहते. कारखान्यातील रंग उच्च तापमानाला भाजला जातो, तर गॅरेजमधील डेंटिंग-पेंटिंगचा रंग त्याहून पुष्कळ कमी तापमानाला वाळवलेला असल्याने त्याची पकड कमी असते आणि फिल्म काढताना असा रंग सोलून येऊ शकतो. लावण्याच्या कामातील दोन धोकेही गंभीर आहेत: फिल्मखाली अडकलेला धुळीचा कण कायमचा दिसत राहतो, आणि मोटारीवरच ब्लेडने फिल्म कापताना रंगावर रेघ ओढली जाऊ शकते. धूळरहित बंद खोली, संगणकाने आधीच कापलेले तुकडे आणि अनुभवी कारागीर यांची खात्री नसेल तर उत्तम फिल्मही हानिकारक ठरते.

या सर्वांतून निर्णयाची पद्धत निघते, आणि ती पॅनेलनिहाय आहे. नवीन, मूळ रंगाची, वरचेवर समृद्धीवर किंवा खडीच्या रस्त्यांवर धावणारी मोटार असेल तर पुढचा बंपर, संपूर्ण बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे, काचेच्या वरची छताची कड, दरवाज्यांखालच्या पट्ट्या आणि मागील चाकांपुढचा फुगीर भाग येथे फिल्म लावण्याचा खर्च योग्य ठरतो, कारण जवळजवळ सगळी खडी येथेच आदळते. छत, डिकी आणि दरवाज्यांचा वरचा भाग यांवर खडी क्वचितच लागते. तेथे साधा लेप आणि योग्य धुणे पुरते. संपूर्ण मोटार झाकण्याचा, अनेकदा लाखाच्या पुढे जाणारा खर्च समर्थनीय ठरतो तो मुख्यतः मॅट रंगाच्या मोटारीत, कारण मॅट पृष्ठभाग पॉलिश केला तर तो चकाकू लागतो व दुरुस्तीचा मार्गच बंद होतो, किंवा ज्या रंगछटेचे पॅनेल पुन्हा रंगवून जुळवणे फार कठीण आहे अशा मोटारीत. आधीच टवके उडालेला, पुन्हा रंगवलेला किंवा सुटू लागलेला रंग असेल तर फिल्म टाळणेच हितावह, आणि वर्षातून काही हजार किलोमीटरच, तेही शहरात, धावणाऱ्या मोटारीला तिची फारशी गरज नाही.

रंग हा मोटारीचा सर्वांत पातळ आणि सर्वांत उघडा भाग असल्याने त्याची काळजी घेण्यात चूक काहीच नाही. परंतु ती काळजी आघात जेथे होतो तेथे जाड आणि जेथे होत नाही तेथे साधी असावी. बेसॉल्टच्या खडीचा वेग, वजन आणि उंची ज्याने एकदा समजून घेतली, त्याला बंपरवरच्या फिल्मसाठी पैसे देताना संकोच वाटणार नाही, आणि छतावरच्या फिल्मला नकार देतानाही वाटणार नाही.